भिंतीच्या एक हात अलीकडे

वानखेडे मॅडम कुठेही उभ्या राहिल्या की डाव्या टाचेमागे उजवा पाय आडवा लावून उभ्या राहायच्या. रेशनच्या लायनीत तशाच, आरतीला तशाच, आणि कुणाच्या मयतीला गेल्या तरी तशाच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, बाईंच्या पायात काही दोष आहे. इतवाऱ्याच्या बाजारात भाजी घेताना एका म्हातारीने तसं तोंडावर विचारलंसुद्धा. मॅडम म्हणाल्या, "दोष नाही आजी, सवय आहे. चाकावरची माणसं अशी उभी नाही राहिली तर घरंगळतात." पायात साध्या चपला होत्या. म्हातारी बिचारी चपलांकडे बघत राहिली आणि मॅडम वांगी दाबून बघायला लागल्या.

मॅडम मूळच्या अकोल्याकडच्या. लग्न होऊन कागद कारखान्याच्या वसाहतीत आल्या. नवरा कारखान्यात, त्या तिथल्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. कुणा अधिकाऱ्याच्या मुलाचे इनलाइन स्केट्स, म्हणजे एका रांगेत चार चाकांचे बूट, त्याला लहान झाले आणि मॅडमच्या पायात बरोबर बसले. तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. त्या वयात बायका गुडघ्याला तेल लावायला लागतात, ह्यांनी चाकांना लावलं. नवरा गेला, नोकरी संपली, मुलगा इंदुरात स्थिरावला, तेव्हा त्या बुरहानपुरात लोधीपुऱ्यात दोन खोल्या घेऊन राहिल्या आणि पोरींना स्केटिंग शिकवायला लागल्या. मी अकरावीत होते. आमचा मळा केळीचा, घरात खेळ म्हणजे पोरांचं क्रिकेट. मी कशी गेले, तर भांडून गेले, एवढंच सांगते.

जागा होती एका सेठच्या जिनिंगचं आवार. कापूस टाकायचा भलामोठा गुळगुळीत कोबा, सकाळी गाड्या यायच्या आत दोन तास आमचा. मोबदला काही नाही, फक्त फाटकाची किल्ली मॅडमनी सांभाळायची. कोब्याच्या शेवटी भिंत, आणि हंगामात त्या भिंतीला लागून पिवळ्या पडलेल्या, वाया गेलेल्या कापसाचा माणूसभर उंच ढीग. आमचं सगळं शिक्षण त्या ढिगाने बिघडवलं. टाचेच्या ब्रेकचं रबर महिन्यात झिजायचं, बुरहानपुरात मिळायचं नाही, मग आम्ही ब्रेकच काढून टाकले. काय गरज होती? वेग घ्यायचा, हात पसरायचे आणि धपकन ढिगात. कापूस केसात, कापूस नाकात, चाकाच्या बेअरिंगमध्ये इतका गुंडाळलेला की केसांच्या पिनेने उकरून काढावा लागायचा. मॅडम स्वतःही तशाच थांबायच्या. साठीला आलेली बाई कापसाच्या ढिगात कमरेपर्यंत रुतून हसते आहे, हे ज्याने पाहिलं नाही त्याला मॅडम समजणार नाहीत.

मार्च संपला, हंगाम संपला आणि गादीवाल्यांनी ढीग उचलून नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा वेग घेतला. ढीग नाही हे मला दिसत होतं, अगदी स्वच्छ दिसत होतं. पण अंगाला दुसरं काही येतच नव्हतं. मी हात पसरले आणि भिंतीवर गेले. डाव्या मनगटाची दोन हाडं मोडली. आवाज मला अजून आठवतो, वाळलेली तुरकाठी मोडावी तसा.

प्लास्टर झालं त्या संध्याकाळी मॅडम घरी आल्या. आमच्याकडे अशा वेळी येणारा माणूस पोरीच्या धांदरटपणावर बोलतो किंवा नशिबावर बोलतो. बाबांनी त्यांना बसा म्हटलं नाही. त्या उभ्या राहिल्या, पाय तसाच आडवा, आणि म्हणाल्या, "भाऊ, चूक माझी. मी पोरींना पळायला शिकवलं आणि थांबायला कापसावर सोडलं. मलाच येत नव्हतं." बाबा म्हणाले, झालं ते झालं, आता पोरगी येणार नाही, हात मोडलेली पोर उद्या कोण करून घेईल. मला वाटलं, मॅडम माफी मागून जातील. त्या म्हणाल्या, "अर्धं शिकवून सोडलेली पोर जास्त धोक्याची, भाऊ. ती आज ना उद्या चोरून चाकं घालणारच. मला उरलेलं शिकवू द्या, मग बंद करा." चोरून घालणार हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. मी आतल्या खोलीत नेमका तोच विचार करत होते.

सेठने मात्र फाटकच बंद केलं. मॅडमनी भांडून एक अट कबूल करून घेतली. दोन महिन्यांनी ज्येष्ठात सगळ्या मुली आईबापांसमोर भरवेगात येतील आणि भिंतीच्या एक हात अलीकडे थांबतील, भिंतीला बोटही न लावता. जमलं तर फाटक उघडं, एक जरी आपटली तर कायमचं बंद. चौदापैकी सात मुली उरल्या. बाबांनी मला महिनाभर नुसतं बघायला जाऊ दिलं, प्लास्टर निघाल्यावर चाकं घालू दिली. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मॅडमचं ते 'अर्धं शिकवलेलं' त्यांच्या मनात बसलं असावं. अर्धवट पाणी दिलेल्या केळीचं काय होतं, ते त्यांना ठाऊक होतं.

सराव बायपासच्या बाजूच्या रस्त्यावर. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, दहा वेळा थांबवून पाय बघायचा आणि करून बघायचं, आधी मॅडमनी. त्यांचा नियम होता: "जिथं मी आधी पडले नाही, तिथं तुम्हाला नेणार नाही." आणि पडल्याही भरपूर. एका आठवड्यात दोन्ही ढोपरं हिरवीनिळी. केळीच्या ट्रकचा एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, अम्मा, उमर तो देखो. मॅडमनी मागे वळूनही न बघता उत्तर दिलं, "देखी है, अट्ठावन. तू अपना ब्रेक देख." रस्त्याने जाणारे थांबून बघायचे, हसायचे, काही जण फोनवर चित्रण करायचे. आम्ही लाजायचो. मॅडम म्हणायच्या, "बघू द्या वं. त्यांचे डोळे झिजत नाहीत. झिजतात ती आपली चाकं, आणि ती झिजायलाच असतात."

पहिला प्रकार आम्हाला लगेच आला. पाय फाकवायचे, टाचा बाहेर ढकलायच्या, बोटं आत. त्याला आम्ही 'नांगर' म्हणायचो, आणि शेतकऱ्याच्या पोरींना नांगर किती रोवायचा हे सांगावं लागत नाही. मग टी-स्टॉप: एक पाय मागे आडवा टाकून फरफटत न्यायचा. मॅडम जन्मभर उभ्या राहिल्या ते तसंच, पण चालत्या चाकावर त्यांनी ते कधी केलं नव्हतं. खरा घाम काढला तो पॉवरस्लाइडने. भरवेगात एका पायावर गर्रकन उलटं वळायचं, दुसरा पाय बाजूला लांब टाकायचा आणि त्याची चाकं आडवी घासत न्यायची. आम्ही सगळ्या एकच चूक करायचो. भीती वाटली की सगळं वजन त्या घासणाऱ्या पायावर टाकायचो, कारण थांबवणारा पाय तोच. चाक अडकायचं आणि आम्ही आडव्या. मॅडम मला विचारायच्या, "काय वं ज्योती, थांबू राह्यली का पडू राह्यली?" सहाव्या आठवड्यात त्यांनाच ते सापडलं. वजन ज्या पायावर उभ्या आहोत त्यावरच ठेवायचं, गुडघा वाकवून. घासणाऱ्या पायाने जमिनीला फक्त विचारत जायचं, भाकरी थापताना हात विचारत जातो तसं. "जो पाय काम करू राह्यला, त्याच्यावर बसू नका," असं त्या दिवसातून वीस वेळा म्हणायच्या. पुढे माझ्या संसारात मला हे वाक्य फार उपयोगी पडलं, पण ते पुन्हा केव्हातरी.

परीक्षेच्या दिवशी कोब्यावर ऊन तापलेलं. सेठ खुर्चीवर, आईबाप सावलीत, भिंतीपासून एक हातावर पांढऱ्या फक्कीची रेघ. मॅडम पहिल्या गेल्या आणि रेघेच्या बऱ्याच अलीकडे चक्क पडल्या. कुणीतरी हसलं. त्या उठल्या, सलवार झटकली, पुन्हा फाटकापाशी गेल्या, पुन्हा आल्या आणि रेघेवर थांबल्या. पाठोपाठ सहा मुली थांबल्या. शेवटची मी.

तेवढ्यात बाबा उठले. मोटरसायकलला मागे बांधून त्यांनी घरची गादी आणली होती, मला पत्ताच नव्हता. ती त्यांनी उलगडून भिंतीला टेकवून उभी केली. सेठनेही अडवलं नाही, कुणाच्या बापाला काय बोलणार. मॅडम कोबा ओलांडून त्यांच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, गादी काढा."

"माझी पोरगी आहे, मॅडम."

"म्हणून तर म्हणते. गादी दिसली की ती गादीकडंच जाईल. तिचं अंग तसं शिकलंय, आणि ते मीच शिकवलंय."

बाबांनी गादी गुंडाळली, बाजूला ठेवली आणि गादीच्या जागी, भिंतीला पाठ लावून, स्वतः उभे राहिले. मॅडमनी त्यांना हलवलं नाही. फाटकापाशी येऊन मला एवढंच म्हणाल्या, "मला काही सांगायचं नाही. तिथं तुझे बाबा आहेत."

मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. आपटले तर माझं मनगट नाही, बाबांच्या बरगड्या. मी निघाले, वेग कमी करावासा वाटला आणि तो मी केला नाही, त्याचा मला आजही अभिमान आहे. फक्कीच्या अलीकडे वळले, पाय टाकला, चाकं खरखरली, सगळं वजन वाकवलेल्या उजव्या गुडघ्यावर ठेवलं. थांबले. मान वळवून पाहिलं तर बाबा एका हातावर होते, डोळे गच्च मिटून. मी "बाबा" म्हटलं तेव्हा उघडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मला रडू आलं, त्यांनाही आलं.

सेठने शब्द पाळला, पण अर्धाच. फाटक उघडेन म्हणाला, आणि लगेच एक नवी अट काढली. "मॅडम, छोटी बच्चियों तक ठीक है. बडी लडकियाँ अच्छी नहीं लगतीं. दसवीं के बाद बंद." सात जणींतल्या दोघी त्यात गेल्या असत्या, एक मी. बाकीच्या पाचजणींच्या आया खूश झाल्या होत्या, त्यांच्या पोरींना फाटक उघडं होतं. मॅडमनी त्यांच्यातल्या एकीकडेही बघितलं नाही. ओढणीच्या गाठीत अजून बांधलेली किल्ली सोडली आणि सेठच्या खुर्चीच्या हातावर ठेवली. "मग फाटक तुमचं तुमच्याजवळ राहू द्या, सेठ. थांबायचं कधी, हे मी ह्यांना शिकवलंय. ते आता ह्यांचं ह्या ठरवतील."

दोन महिने घासून मिळवलेली जागा बाईंनी एका वाक्यात परत केली होती, आणि खरं सांगते, मला त्यांचा रागच आला होता. बाबा गादी बांधता बांधता म्हणाले, आपल्या मळ्यात केळी भरायच्या शेडला कोबा आहे, पहाटे रिकामाच असतो. मग मॅडमकडे न बघता, दोरीची गाठ आवळत म्हणाले, "केळीचा चीक पडतो पण. धुवावा लागेल." मॅडम म्हणाल्या, धुवू.

धुतलाही. पाच वर्षं रोज आधी कोबा धुवायचा आणि मग चाकं घालायची. माझं लग्न ठरलं तेव्हा मॅडमनी अक्षता टाकण्याआधी माझ्या सासूला स्वच्छ सांगितलं, की सकाळचे दोन तास ही सून तुमची नाही. सासूबाई तीन महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मी मात्र एक दिवस चुकवला नाही.

गेल्या वर्षी पौषात मॅडम गेल्या. सकाळी चहा ठेवला आणि तिथंच बसल्या, तेवढंच. मला फार एकटं वाटलं, अजून वाटतं. महिन्याभराने सेठचा माणूस आला. आवार नवं करतोय, मॅडमच्या नावाने दरवर्षी मुलींची स्पर्धा घेऊ, फाटकावर त्यांचा फोटो लावू, तुम्ही फक्त हो म्हणा. मी विचारलं, दहावीपुढच्या मुली चालतील का, लग्न झालेल्या चालतील का. तो म्हणाला, ताई, आधी सुरू तर होऊ द्या, ते पुढचं पुढे बघू. शेजारी उभ्या असलेल्या बाबांनी माझ्याआधीच मान हलवली, नाही म्हणून.

तर मॅडमच्या नावाने बुरहानपुरात स्पर्धा नाही, कप नाही, फाटकावर फोटो नाही. आमच्या शेडमध्ये रोज पहाटे सव्वीस जणी असतात. त्यातल्या अकरा जणींची लग्नं झाली आहेत, माझं धरलं तर बारा.