तक्रार करणाऱ्याची खुर्ची

सोलापुरात आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीशेजारी एकाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कुणीही उघडून बघावं, बदलावं, वाटावं असं मुक्त सॉफ्टवेअर तो गिऱ्हाइकांना घालून द्यायचा. तक्रार आली की चष्मा कपाळावर सरकवायचा, मान डोलवायचा आणि उठून आपली खुर्ची तक्रार करणाऱ्याला द्यायचा.

एकदा दळण टाकून मी सहज तिथं गेलो आणि म्हणालो, "यातल्या मराठी सूचना वाचून डोकं फिरतं."

चष्मा वर गेला. "व्हय, बरोबर हाय. बसा, तुमीच सोप्या करून लिवा. समद्यांना उपयोगी पडंल की."

दोन तास मी लिहीत बसलो. शेवटी त्यानं खाली माझं नाव घातलं आणि मला चक्क भरून आलं. तोवर गिरणी बंद झाली होती, पीठ आत राहिलं होतं.

मग आम्ही समोरच्या टपरीवर गेलो. पहिल्याच घोटाला तो म्हणाला, "मावशी, चहा लई पाणचट हाय."

मावशी त्याचं दुकान रोज बघत होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, शेगडीपासून बाजूला झाल्या आणि पळी त्याच्या हातात दिली. "बरोबर हाय. या, तुमीच करा. समद्यांना उपयोगी पडंल की."

तो उठला. त्यानं आलं इतकं घातलं की घसा सोलून निघाला. टपरीवर आम्ही सातजण होतो. सगळ्यांनी "फार छान" म्हणत कप रिकामे केले. पळी अजून त्याच्या हातात होती आणि तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता.