सुरंगीचे डोळे

आप्पाकाकांचे किस्से आमच्या घरात चुलीतल्या राखेसारखे साठतात. रोज काढले तरी दुसऱ्या दिवशी आहेतच. ते गेल्यापासून मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकच पालुपद लावलंय, "साधू माणूस होतो तो." चतुर्थीच्या तोंडावर गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणारा माणूस कसला साधू? खरं काय ते मी सांगते.

काका मूर्तिकार. धामापूरच्या वाटेवर आमचं घर, पडवीत त्यांची गणपती घडवायची शाळा आणि मागे त्यांची बाग. एका वर्षी चतुर्थी आठवड्यावर आली तरी एका गणपतीला हात नव्हते. का, तर हातांसाठी ठेवलेल्या मातीत रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, रोप उगवलं होतं.

"माका गणपती होयो, झाड नको," गिऱ्हाईक वैतागलं.

"दोन पानां येवंदेत, मगे दोनय ने."

नेलं त्याने. रातांबा अजून त्याच्या परसात आहे.

झाडांना खत म्हणून काका पिंपात तारली मासळी कुजवायचे. पिंप शाळेच्या दाराशीच. माझे बाबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. ते नाकाला पंचा लावून म्हणाले, "भर श्रावणात देवाच्या शाळेत मासळीचो वास? लोक काय म्हणतले?"

"देव मातयेचो ना दादा? मगे माती काय खाता, ता इचार लोकांका."

पिंप हललं नाही. बाबांनी महिनाभर शाळेत पाऊल टाकलं नाही.

मीही काही कमी नव्हते. मुंबईहून कॉलेजच्या सुट्टीत बोटीने आले, की काकांना कलेवर लेक्चर द्यायचे. रंग कसे हवेत, प्रमाण कसं हवं. त्यांनी एकदा सगळं ऐकून घेतलं आणि हातात कळशी दिली. "आधी अबोलीक पाणी घाल, मगे शिकव."

मी रागाने पाणी ओतलं.

"मुळाक घाल गो. पानां काय तुझा लेक्चर ऐकूक बसली नाय."

खरं भांडण सुरंगीवरून. काकांनी लावलेलं झाड, बारा वर्षांत एक फूल नाही. बाबांना तिथे माड हवे होते. "माड नारळ देता. ह्या काय देता?"

"सावली."

"सावली इकूक येता?"

बाबांनी झाडं तोडणाऱ्या बाबलला बोलावलं. काका भांडले नाहीत. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचा बारीक ब्रश घेऊन गेले आणि सुरंगीच्या बुंध्यावर दोन डोळे काढले. आमच्याकडे मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात. एकदा ते उघडले की मूर्तीला हत्यार लावत नाहीत.

बाबलने कुऱ्हाड खाली ठेवली. "ता माझ्याकडे बघता," म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. बाबांनी जानव्याला हात लावला आणि आत गेले. मी पोट धरून हसले. दर पावसात ते डोळे धुऊन जायचे, दर वर्षी काका नवे काढायचे.

काका मार्गशीर्षात गेले. यंदाच्या पावसात सुरंगीचे डोळे पुसले गेले. जेवताना बाबा म्हणाले, "उद्या बाबल येतलो."

मी ताटावरून उठले. काय काय बोलले, सगळं सांगत नाही. झाडाला घाबरता आणि माणसाला नाही, हेही बोलले.

"पुस्तकां वाचून तुका झाडातला काय कळता?" बाबा एवढंच म्हणाले आणि भात कालवत राहिले.

उजाडता उजाडता मी काकांची रंगांची पेटी उघडली. बारीक ब्रश जागेवर नव्हता. घरभर शोधला आणि शेवटी डोळे काढायला हातात काडी घेऊनच बागेत गेले.

सुरंगीच्या बुंध्यावर दोन डोळे होते. ओले. एक वर, एक खाली. एक वाटीएवढा, दुसरा सुपारीएवढा. काकांनी असले डोळे जन्मात काढले नसते.

विहिरीवर बाबा हात धूत होते. काळा रंग नखांतून काही निघत नव्हता.

"बघतंस काय गो?" ते म्हणाले. "अबोलीक पाणी कोण घालतलो?"