मागचं डावं चाक आणि वाढदिवसाची भेट

"तीन वेळा अलाइनमेंट केलं, टायरही नवं टाकलं, तरी झिजतंच. म्हणजे दोष गाडीचा नाही, चालवणाऱ्याचा. पार्किंगमध्ये कठड्याला घासत असणार," निखिलने आमच्या गॅरेजमध्ये येऊन निकाल दिला.

चालवणारे, म्हणजे त्याचे वडील बापट सर, शेजारीच उभे होते. पंचाहत्तरी ओलांडलेले, गणिताचे निवृत्त शिक्षक. गाडी सोळा वर्षांची. मागचं डावं टायर बाहेरच्या कडेला तार दिसेपर्यंत गेलेलं, बाकीची तीन धडधाकट.

चावी निखिलने आधीच स्वतःच्या खिशात टाकली होती. रविवारी गाडी विकायची, गिऱ्हाईक तयार. सर दर गुरुवारी समा भागातल्या घरून शहरातच गोत्रीला जाऊन थोरल्या बहिणीला फिजिओथेरपीला न्यायचे. गाडी गेली की तेही संपणार होतं. निखिलला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं की सरांनी आता गाडी चालवू नये.

मी बडोद्यात सत्तावीस वर्षं गाड्यांखाली काढली आहेत. गिऱ्हाईक निदान घरून करूनच आणतं, आपण फक्त मान डोलवायची.

आमच्या शेठचं औषध त्याहून सोपं. "टायर बदली नाखो ने, टाइम शुं काम बगाडो छो?" हॉर्न दुरुस्तीला आलेल्या गाडीलाही ते टायर बदलून टाकायलाच सांगतात.

पण झीज वाचता येते. हवा कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा जातात, जास्त असेल तर मधला पट्टा. कोणी गाडी रगडत असेल तर आधी पुढची टायरं बोंबलतात. कठड्याला घासत असेल तर टायरच्या बाजूवर ओरखडे हवेत. इथे एकही नव्हता. मागच्या एकाच चाकाची एकच कड जाते, तेव्हा ते चाक सरळ उभंच नसतं.

मग तीन अलाइनमेंटमध्ये हे दिसलं नाही? दिसलं होतं. मशीनवर मागच्या चाकाचा आकडा लाल आला होता. पण या गाडीला मागे अखंड अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा, फिरवायला काही नाही. जे फिरवता येत नाही ते बिघडतही नाही, अशी आमच्या धंद्यात श्रद्धा आहे. त्यातलं एक अलाइनमेंट आमच्याकडचंच होतं. रिपोर्टवर माझी सही. मला लाज वाटली, आणि मग साहजिकच मी निखिलवर चिडलो.

गाडी लिफ्टवर घेतली. व्हील कव्हर, म्हणजे रिमवरची प्लॅस्टिकची झाकणं, चारही नवी आणि चकचकीत. वर्षापूर्वी निखिलने वाढदिवसाला दिली, असं सरांनी कौतुकाने सांगितलं. निखिल घाईने म्हणाला की ती काढू नका, क्लिपा तुटतात.

मी मागच्या डाव्या चाकाचं काढलं. खाली रिमची कड आत दबलेली, खाचेत पिवळा-काळा रंग, गेटच्या खांबांना असतो तसा. असा दणका बसला की अ‍ॅक्सलचं टोक वाकतं. मग टायर कितीही बदला, चाक वाकडंच चालणार.

सरांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "निखिल, ही झाकणं तू स्वतः बसवलीस ना? मी येतो म्हटलं तर नको म्हणालास."

निखिल मोबाइलमध्ये काहीतरी शोधत राहिला. "नंदेसरीला कंपनीच्या गेटवर वळताना जरा लागलं होतं, बाबा. तुम्ही उगाच टेन्शन घेतलं असतं."

वडिलांना टेन्शन नको म्हणून मुलगा त्यांची गाडीच विकायला निघाला होता. इतकी पितृभक्ती हल्ली दुर्मीळ आहे.

सरांचा आवाज चढला नाही. त्यांनी हात पुढे केला. "चावी."

चार दिवसांनी भंगार बाजारातून चांगला अ‍ॅक्सल मिळाला. तो बसवला, आकडे हिरवे आले. गाडी न्यायला दोघं आले. सर स्टिअरिंगवर बसले. निखिल मुकाट्याने मागे बसला, डाव्या बाजूला, बरोबर त्याच चाकावर.

तेव्हापासून मी मागचे लाल आकडेही वाचतो. आणि गाडीला कोणी प्रेमाने झाकणं भेट दिली असतील, तर आधी ती काढून बघतो.