शनिवारच्या मीटिंगमधला माझा प्रश्न

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधहून आलेल्या लोकांची छावणी वसली. तिथल्या शिवणवर्गात मला नोकरी लागली. आई-वडील गेल्यावर मी कोकणातून काकांकडे कल्याणला आले होते. काकू वाईट नव्हती. पण माझी वळकटी कुठे ठेवायची, हा प्रश्न त्या घराला रोज नव्याने पडे. शिवणाचं मशीन चालवता येत होतं, तेवढ्या बळावर मी टांग्याने छावणीत जाऊ लागले.

शिकवणाऱ्यांत मी एकटी मराठी, बाकीच्या सगळ्या सिंधी. वर्गात फारसं अडत नसे. कापड हातात घेऊन दाखवलं की बायकांना कळे. अवघड जाई ती शनिवारची मीटिंग. आमच्या प्रमुख बाई कराचीत शिकलेल्या. हिंदीत सुरुवात करायच्या, मध्येच सिंधीत शिरायच्या आणि मापं इंग्रजीत सांगायच्या. बाकीच्या हसल्या की मीही हसे, त्यांनी मान हलवली की मीही हलवे.

अशीच एकदा मान हलवून आले आणि सोमवारी अख्खा तागा झबल्यांसाठी कापून टाकला. ठरले होते शाळकरी मुलांचे सदरे.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आपने पूछा क्यों नहीं?"

म्हणून पुढच्या मीटिंगला धीर करून मी बोलले, "समझा नहीं."

"क्या नहीं समझा?"

"सब."

बाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. वेग तोच, फक्त आवाज मोठा. खुर्च्या करकरल्या. कुणीतरी सिंधीत हळूच काही बोललं आणि दोघी हसल्या. ते काय होतं, हे विचारायची मात्र सोय नव्हती.

आमच्यात एक वयाने मोठी बाई होती. सगळ्या तिला 'अदी' म्हणत, म्हणजे ताई. त्या दिवशी ती टांग्याच्या नाक्यापर्यंत माझ्याबरोबर आली. तोवर त्या वाटेने माझ्यासोबत कुणी चाललं नव्हतं.

"बेटी," ती म्हणाली, "समझा नहीं बोलेगी तो वो सारा फिर से बोलेगी. पहले बोल, इतना समझी. फिर जो अटका है, वही पूछ."

पुढच्या शनिवारी मी आठवडाभर घोकलेलं वाक्य बोलले. "छोटे लड़कों के सदरे, इतना समझी. बाही आधी या पूरी?"

"आधी," बाई म्हणाल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. बस्स, एवढंच. अदीने टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हलकेच थाप मारली.

मग मी दर शनिवारी विचारू लागले आणि अदी दर शनिवारी नाक्यापर्यंत येऊ लागली. सिंधमधल्या तिच्या घराच्या छपरावर वारा खाली आणणारे झरोके होते, त्यांच्याबद्दल सांगायची. निम्मं कळायचं, निम्मं राहायचं. ते राहिलं तरी चालायचं. तीही माझ्या गावाबद्दल विचारायची. गावाबद्दल मला त्या दिवसांत दुसरं कुणी विचारत नव्हतं.

एका मीटिंगला बाईंनी मशिनं हलवायची म्हणून सांगितलं. मी सवयीने बोलले, "मशीन दूसरी छावनी में जाएगी, इतना समझी. वहाँ सिखाने कौन जाएगा?"

बाईंनी अदीकडे पाहिलं. "अदी जाएगी. उसी ने कहा है. उसका बेटा वहाँ है."

अदी पदराची कड बोटाला गुंडाळत होती.

नाक्यावर जाताना ती म्हणाली, "मैं बतानेवाली थी."

"हो," मी मराठीतच म्हटलं. मुलापाशी जायला निघालेल्या आईला काय बोलणार? मला राग येत नव्हता. टांगा आल्यावर तिने माझे दोन्ही हात धरले आणि सिंधीत काहीतरी पुटपुटली. मी अर्थ विचारला नाही.

मशिनं गेली, अदी गेली. माझ्याकडे हातशिलाईचा वर्ग आला. मीटिंग चालूच राहिली. बाकीच्यांनाही बाईंचं सगळं कळत नसे, हे मला तेव्हा समजलं. "तू पूछ ना," म्हणत त्या कोपराने डिवचायच्या. मी विचारायचे, बाई नीट उत्तर द्यायच्या आणि कामं बिनचूक व्हायची. बाईंनी एकदा सगळ्यांसमोर माझं कौतुकही केलं. मीटिंग सुटली की त्या सगळ्या सिंधीत बोलत आपापल्या बराकींकडे वळायच्या. मी नाक्याकडे.

एका संध्याकाळी काकांनी विचारलं, "काय चालतं गं तुमच्या त्या मीटिंगमध्ये?"

मी हरखून पाट ओढला आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागले. झबल्यांपर्यंत आले, तर त्यांनी वर्तमानपत्र उघडलं होतं. आतून काकूने पानं घ्यायला हाक मारली. मी उठले.