बोटीतला डावा कोपरा

अनंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौक गावातल्या माझ्या गॅरेजमध्ये एका मिनीबसचा फायबरचा बंपर घासत होतो. अंगभर पांढरी भुकटी. फोनवर त्याचा मेहुणा होता. पोशीरला कुठल्याशा लग्नात, भर उन्हात, अनंता पंगतीला जिलेबी वाढत होता. "घ्या हो घ्या, खर्च मुलीच्या बापाचा हाय, तुमचा नाय," असं काहीतरी बोलला, पंगत हसली, आणि हा खुर्चीवर टेकला तो टेकलाच. मी फोन ठेवला आणि आधी बंपर घासून पुरा केला. कुणाला हे निष्ठुर वाटेल. वाटू दे. अर्धवट घासलेली वस्तू सोडून उठायचं नाही ही माझी सवय, आणि अर्धवट सोडून उठायचं ही त्याची. या एका गोष्टीवरून आम्ही कर्जतच्या शाळेपासून भांडत आलो... आणि शेवटीही त्याने स्वतःचंच खरं केलं.

आता तीनेक महिने होत आले, तरी त्याच्या गावच्या, कशेळ्याच्या नाक्यावरचा त्याचा फ्लेक्स कुणी उतरवलेला नाही. त्यावर अनंता गोरापान दिसतो. गालावरचे कांजिण्यांचे खड्डे गायब, पानाने लाल झालेले दात पांढरेशुभ्र, आणि चेहऱ्यावर असा भाव, की हा माणूस उभ्या आयुष्यात कुणाला शिवी देऊन बोलला नसेल. फ्लेक्सवाल्यानेसुद्धा खालचं काही न बघता वरून हात मारला. अनंताला हे फार आवडलं असतं. शोकसभेत तर कहरच झाला. ज्यांनी कधी त्याच्या बोटीत पाय ठेवला नाही असे तीन पुढारी ओळीने उभे राहिले आणि त्यांनी त्याला 'जलदूत' करून टाकलं. त्यातला एक तर सारखं 'जहाज' म्हणत होता. मी मागच्या रांगेत बसून चहाच्या कागदी कपाचे तुकडे करत होतो. अनंता माझा मित्र होता, पण तो कसला कारागीर होता हे मला विचारा.

बोटीची गोष्ट अशी. कर्जतजवळच्या एका रिसॉर्टने नव्या बोटी घेतल्या आणि जुनी, फायबरची, आठ-दहा माणसं बसतील अशी एक बोट भंगारात काढली. कंपनीतली नोकरी सोडून घरी बसलेल्या अनंताने ती मागून आणली आणि टेंपोत घालून थेट धरणावर नेली. पावसाळा सुरू झाला की धरणाचं पाणी पलीकडच्या वाडीची वाट बुडवतं. वाडीच्या बायकांना भाजीच्या टोपल्या घेऊन कशेळ्याच्या बाजाराला यायचं तर डोंगराच्या कडेने लांबचा वळसा. अनंताने त्यांना बोटीतून ने-आण करायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. हे त्याचं चांगलं काम, आणि ते मी नाकारत नाही. पण पुढारी इथेच थांबले, मी थांबणार नाही.

फायबरच्या बोटीवर मूळचा एक गुळगुळीत थर असतो. वर्षानुवर्षं उन्हापावसात राहिला की तो मरतो. हात फिरवला तर तळहाताला खडूसारखी भुकटी लागते. ती भुकटी संपेपर्यंत घासायचं, भेगा उकरून उघड्या करायच्या, आत मुरलेलं पाणी पूर्ण सुकू द्यायचं, मग काचेच्या धाग्यांची मॅट आणि तिला घट्ट धरणारं रेझिन भरायचं, आणि रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडायचा. कंटाळवाणं काम आहे. अंगाला खाज सुटते, नाकातोंडात भुकटी जाते, आणि कितीतरी दिवस बघणाऱ्याला काही केल्याचं दिसतच नाही. हे शेवटचं अनंताला सहन होण्यासारखं नव्हतं. तो बोट रंगवायचा ती आपल्याकडे लग्नाआधी घर रंगवतात तशी. ओल्या फडक्याने पुसली, भेगेत पत्र्याच्या टेंपोला भरतात ती पुट्टी दाबली, की दुकानातला ऑइलपेंट थेट त्या भुकटीवर. एका वर्षी निळी, एका वर्षी भगवी, मध्येच पोपटी. पुढच्या टोकाला त्याने एक राजहंस काढला होता, तो कोंबडीच्या जास्त जवळचा होता. दिवाळी यायच्या आत पापुद्रे सुटायचे आणि हा पुढच्या रंगाचा विचार करायला मोकळा.

"अरे, ती पुट्टी पाणी पिते," मी त्याला दरवर्षी सांगायचो. "बोट माझ्याकडे आण. उन्हाळ्यात पाणी आटतं, लोक पायी येतात, तेव्हा ती काठावर उलटी पडलेली असते. तेवढ्यात करून देतो."

"घाश्या, तू पॉलिश पेपरशीच लगीन लावायला पायजे व्हतं," तो म्हणायचा. घाश्या हे त्याने मला दिलेलं नाव. "खालून कोन बघतंय रं?"

"पाणी बघतंय."

यावर तो खो खो हसायचा आणि उन्हाळाभर गावोगावच्या लग्नांत पंगती वाढत फिरायचा. आमंत्रण असो वा नसो. असल्या माणसाच्या हाती रोज आठ-दहा जणांचा जीव होता, आणि लोक त्याला दुवा देत होते. मला त्या लोकांचीही चीड यायची. रंग ताजा दिसला की यांचा विश्वास बसतो.

तो गेल्यावर, पावसाळा तोंडावर आला तेव्हा, त्याची बायको शैलावहिनी चौकला आल्या. एवढ्या उन्हात कशेळ्याहून, गाड्या बदलत. म्हणाल्या, "भावजी, सुमनकाकी इचारून गेली, बोट कधी सुरू व्हनार. हे म्हनायचे, तयार हाय, नुसता रंग द्यायचा ऱ्हायलाय. वल्ही मारायला वाडीतला एक जन तयार हाय. पन तुमी एकदा बघा. कुनाचं काय झालं तर लोक यांचंच नाव घेतील." वहिनी कधी काही मागत नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी स्क्रू ड्रायव्हर आणि खरवडणी घेऊन धरणावर गेलो.

बोट उलटी होती. मी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत गेलो. जिथे फायबर शाबूत असतं तिथे टणक आवाज येतो. डाव्या बाजूला मागच्या कोपऱ्यात आवाज बसला. खरवडणी लावली तर निळा, त्याखाली भगवा, त्याखाली पोपटी, त्याखाली पुन्हा निळा असे पदर सुटत गेले आणि मग पुट्टी हाती आली, चहात पडलेल्या बिस्किटासारखी. मी अंगठा दाबला. अंगठा आरपार गेला.

ही भेग गेल्या पावसातली नव्हती. काठावरच्या दोघातिघांना हाताशी धरून मी बोट सुलटी केली आणि आत बघितलं. तिथे, नेमक्या त्या कोपऱ्यावर, अनंताची बसायची जागा होती. एक जाड फळी, दोन्ही टोकं बोटीच्या वरच्या काठांना घट्ट बांधलेली, वर पोत्यात कापूस भरून केलेली गादी. फळी तळापासून चांगली हातभर वर होती. म्हणजे बसणाऱ्याचा भार तळावर पडायला नको, आणि खाली कुणाचा पायही जायला नको, अशी पद्धतशीर सोय. या गादीवरून आम्ही त्याची किती थट्टा केली होती. महाराजांचं सिंहासन म्हणायचो.

सुमनकाकी काठावर उभी राहून बघत होती. वाडीतली, भाजी विकणारी, पहिल्या वर्षापासून त्या बोटीतून येणारी. म्हणाली, "तितं कोनाला बसू द्यायचा नाय तो. येकदा मी टोपली ठेवली तर केवढा खेकसला माझ्यावर. आमाला वाटायचं, लई मिजास हाय बाबाला."

त्याला ठाऊक होतं! आपलं काम फसलंय, तळ मऊ झालाय, हे या गाढवाला पक्कं ठाऊक होतं. आणि त्यावर त्याने उपाय काय काढला, तर स्वतः त्यावर जाऊन बसला. फाटायचं असेल तर माझ्या खाली फाटू दे. भोक पडलं तर पाणी सगळ्यांच्याच पायांशी येतं, एवढं साधं गणित त्याला सुचलं नाही. आयुष्यभर याच्याशी भांडलो, पण इतका संताप मला कधी आला नव्हता. चौकला फोन करायचा होता, एवढंच. "घाश्या, ये" म्हणाला असता तर मी हातातलं काम टाकून आलो असतो. हो, अर्धवट टाकून. पण मग मी बरोबर होतो हे त्याला कबूल करावं लागलं असतं, आणि त्यापेक्षा बुडणं त्याला सोपं वाटलं असावं.

संध्याकाळी वहिनींना सगळं सांगितलं. वाटलं होतं, रडतील. त्या चहाचा कप माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "भावजी, यांना पवायला येत नव्हतं."

हे मला माहीत होतं. लहानपणी नदीवर आम्ही दोघंच काठावर कपडे सांभाळत बसायचो.

बोट मी टेंपोने गॅरेजमध्ये आणली. पुरी उघडी केली, कुजकं कापून काढलं, सुकवलं, मॅट आणि रेझिनचे थर दिले, परत घासली, प्राइमर, मग रंग. अनंताचा एकही पदर ठेवला नाही. राजहंस तर सगळ्यात आधी काढला. पुढाऱ्यांचा निरोप आला होता, बाजूवर मोठ्या अक्षरांत 'जलदूत' लिहा म्हणून. त्यांना सांगितलं, तुमच्या गाडीवर लिहून घ्या. वहिनींना निळा हवा होता, निळा दिला. पहिल्या फेरीला बोट पलीकडे वाडीच्या काठाला लागली तेव्हा सुमनकाकी तिच्यावरून हात फिरवत म्हणाली, "अनंतानं काय बोट केलीय बघ!" मी दात-ओठ खाल्ले.

फळी मी काढून टाकली होती. डाव्या कोपऱ्याला इतर जागांसारखंच साधं बाक केलं होतं, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या बोटीत आता तीच जागा सगळ्यात पक्की आहे. पण वहिनींनी ती पोत्याची गादी धुऊन, उन्हात वाळवून परत तिथे आणून ठेवली, आणि ती दिसल्यावर तिकडे कुणी बसेना. सगळ्या बायका टोपल्या घेऊन उजवीकडे दाटीवाटीने बसल्या आणि बोट एका अंगाला कलली. वल्ही मारणारा ओरडला, "कोनतरी डावीकडं बसा!" एकीनेही टोपली हलवली नाही.

"भाऊ, तुमीच बसा की," सुमनकाकी म्हणाली.

माझ्यासारखा दुसरा मूर्ख नाही. मी बसलो. बोट सरळ झाली आणि निघाली. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी मी गॅरेज बंद ठेवून चौकहून इतक्या लांब येतो आणि त्या गादीवर बसून दोन्ही फेऱ्या करतो. त्याची आठवण येते, फार येते, आणि ती येते तेव्हा तोंडात शिवीच असते. बोट मध्यावर पोचली की चारी बाजूंना नुसतं पाणी दिसतं आणि माझे पाय आपोआप तळावरून उचलले जातात. पोहता मलाही येत नाही, अनंता. पण मी घासलंय.