खिडकीवर मिळालेलं उत्तर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, पुण्यातल्या भावाला तर नाहीच. टाळत आलो, इतकी वर्षं की टाळणं अंगवळणी पडलं. बोलणं त्या बाजूला वळलं की मी पाणी प्यायला उठायचो. आता उठायलाच वेळ लागतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीने बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर माझ्याने हे झालं नसतं.

सांगायचं आहे विजयाताईंबद्दल. म्हणजे — माझ्याबद्दल. पण त्यांच्यापासून सुरुवात केली की जरा धीर येतो.

बायको गेल्यावर मुलाने मला पुण्याहून इकडे परदेशात, सेंगकांगला आणलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, परक्या गावातल्या फ्लॅटमध्ये दिवसभर काय करणार? मुलगा-सून ऑफिसात, नात शाळेत. इमारतीखाली मोकळी जागा आहे, तिथे चिनी म्हातारे पट मांडून खेळत बसतात. त्यांच्या शेजारी जाऊन बसायचो. एक दिवस मागून आवाज आला, "पुण्याचे का?"

मी विचारलं, कसं ओळखलंत?

"हातात पेपर नाही, तरी चेहरा अग्रलेख वाचल्यासारखा आहे."

त्या विजयाताई. नाशिकच्या. पलीकडच्या ब्लॉकमध्ये लेकीकडे राहायच्या, माझ्यासारख्याच मुलांच्या नोकरीच्या आधाराने मिळणाऱ्या पासवर. नवरा तरुणपणीच गेलेला. सगळी नोकरी त्यांनी एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीमागे काढलेली. बोलणंही तसंच — थोडक्यात, आणि पुढच्या माणसाला जागेवर आणणारं.

मग रोजचं फिरणं सुरू झालं. मला नक्की काय हवं होतं? तुम्ही हसाल. सकाळी दुसऱ्या खोलीतून कोणाचा तरी खोकला ऐकू यावा. चहात साखर जास्त झाली म्हणून कोणी बोलावं. भाजीत मीठ नसलं तर ती मी तशीच खाऊन टाकावी आणि सांगू नये. एवढंच हवं होतं. आणि ते सगळं विजयाताईंच्याच आवाजात हवं होतं. रात्री दिवा मालवला की पलीकडच्या ब्लॉकमधली त्यांची खिडकी दिसायची. ती बंद होईपर्यंत मी पडदा ओढत नसे.

रविवारी आम्ही बसने ईस्ट कोस्टला जायचो. समुद्रात जहाजं उभी असायची, कुठे जायची घाई नसल्यासारखी. एकदा बाकावर बसून रामबुतानची केसाळ फळं सोलता सोलता त्या म्हणाल्या, "आपण रीतसर लग्न करून टाकू या का?"

मी सालांची पिशवी त्यांच्यापुढे धरली.

"मला सोबत हवी आहे. पण लपूनछपून नको. या वयात जिन्याखाली भेटायला माझे गुडघे चालायचे नाहीत."

"हो, विजयाताई," मी म्हणालो.

"आणि ते ताई आधी बंद करा. नाहीतर राखी बांधीन."

आम्ही खूप हसलो. मी हो म्हटलं ते मनापासून म्हटलं होतं — हे तुम्हाला पटेल का? माझं मलाच कधीकधी पटत नाही.

ठरलं असं, की आधी नियमांची चौकशी करायची आणि मग घरी सांगायचं. त्याच आठवड्यात जेवताना माझी नात म्हणाली, "आजोबा, विजयाआजी युअर गर्लफ्रेंड, इज इट?" सून तिच्यावर डोळे वटारून हसली. मुलगाही हसला. मी म्हणालो, "छे! काहीतरीच काय! ओळखीच्या आहेत." आणि आमटी वाढून घेतली. नातीने तेवढ्यात दुसरा विषय काढला. माझ्या कानात मात्र ते हसणं राहिलं. गणपतीला जमणारी आपली माणसं काय म्हणतील, पुण्यात भाऊ काय म्हणेल — सगळे मला एका ओळीत हसताना दिसायला लागले.

इथे लग्नाचा अर्ज ऑनलाइन भरतात. विजयाताईंचा त्यावर विश्वास नव्हता. "खिडकीवर जाऊन विचारलेलं तेच खरं," असं त्यांचं म्हणणं. म्हणून एका सकाळी आम्ही दोघं नोंदणी कार्यालयात गेलो. त्यांनी अबोली रंगाची साडी नेसली होती. "नुसतं विचारायला तर जायचंय," मी म्हणालो, तर म्हणाल्या, "माझं पहिलं लग्न मला न विचारता झालं. या वेळी नटूनथटून विचारणार आहे."

बाहेर पायऱ्यांवर एक नवी नवरी फोटोसाठी उभी होती. तिचा पांढरा झगा वाऱ्याने फुगत होता आणि दोन मैत्रिणी तो खाली दाबत होत्या. विजयाताई थांबून बघत राहिल्या. आत गेल्यावर त्या भिंतीजवळच्या बाकावर बसल्या. "तुम्ही विचारून या. इंग्रजी तुमचं."

काउंटरवर एक तरुण मलाय मुलगी होती. डोक्याला रुमाल, गोड चेहरा. "येस, अंकल? फॉर युअर सन ऑर डॉटर?"

एवढाच प्रश्न. चांगुलपणाने विचारलेला. त्याला उत्तर होतं, माझ्यासाठी. बाकावर बसलेल्या त्या बाईंसाठी आणि माझ्यासाठी.

मी म्हणालो, "डॉटर."

मला मुलगी नाही.

तिने सगळं समजावून सांगितलं. अर्ज कसा भरायचा, पासपोर्ट कधी दाखवायचे, साक्षीदार किती. अवघड काहीच नव्हतं. मी निघायला हवं होतं, पण तिथेच उभा राहिलो. मी विचारलं, दोघांपैकी एकजण विधुर असेल तर? दोघंही वयाने मोठे असतील तर? फक्त मुलांच्या आधाराने इथे राहत असतील तर?

ती बोलायची थांबली. माझ्या खांद्यावरून तिने मागे बाकाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कॅन, अंकल. बोथ कम टुगेदर. कॅन." आणि विजयाताईंकडे बघून ती हसली.

मी वळलो. त्या बाकापर्यंत चालताना माझ्या मनात काय होतं, ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. काहीच नव्हतं. आधी ठरवून खोटं बोललो असतो तर निदान ते ठरवणारा माणूस तरी सापडला असता.

"काय म्हणाली?"

"नाही होत," मी म्हणालो. "आपल्यासारख्या पासवाल्यांना इथे परवानगी नाही."

विजयाताई काउंटरकडे बघत राहिल्या. "मग हसली का ती माझ्याकडे बघून?"

"इथले लोक नाही म्हणतानाही हसतात."

"जन्म गेला माझा खिडकीमागे," त्या म्हणाल्या. "नाही म्हणताना हसले असते, तर लोकांनी जाळी तोडून मला बाहेर ओढलं असतं." मग पदर सावरून उठल्या, "असो. चला."

जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या त्या गर्दीत, त्यांनी मला चहा पाजला. मीच उठत होतो, तर हात धरून बसवलं. स्वतः दोन कप घेऊन आल्या, दुखऱ्या गुडघ्याने. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," म्हणाल्या. "तुम्ही तरी काय करणार?" माझी समजूत काढत होत्या त्या. ती मी काढून घेतली! मान खाली घालून, दुःखी माणसासारखा बसलो आणि घोट घोट चहा प्यायलो. याहून नीच असं मी आयुष्यात दुसरं काही केलं असेल असं वाटत नाही.

मग त्यांचा चेहरा उजळला. "अहो, नाशिकला करू की! आपल्या कचेरीत कोण अडवतंय?"

मी म्हणालो, "बघू, विजयाताई."

ताई कसं निघालं तोंडातून? त्यांनी या वेळी राखीचं नाव काढलं नाही. कप दोन्ही हातांत धरून बसल्या. नंतर म्हणाल्या, "ऊन चढतंय. निघू या."

तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. फिरायला येत राहिल्या, थट्टा करत राहिल्या, आणि काही महिन्यांनी कायमच्या नाशिकला निघून गेल्या. लेकीला सांगितलं, इथली हवा मानवत नाही. मी बॅग टॅक्सीपर्यंत नेली. त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा त्या माझ्यापेक्षा चांगला वाचायच्या.

त्या गेल्यावर एकदा मुलगा सहज म्हणाला, "बाबा, आम्हाला वाटलं होतं तुम्ही आणि विजयामावशी काहीतरी ठरवताय. आम्ही वाट बघत होतो." मी पाणी प्यायला उठलो.

दर रविवारी फोन व्हायचा. दर रविवारी मी एक वाक्य तयार करून ठेवायचो — विजया, खिडकीवरच्या त्या मुलीने हो म्हटलं होतं, नाही मी म्हटलं, मला माफ करा. फोनवर मात्र नातीचे मार्क, गुडघ्याचं तेल, नाशिकची द्राक्षं. त्यांच्या खिडकीत आता दुसऱ्याच कोणाचे कपडे वाळत असतात. तरी पडदा ओढायला मला उशीरच होतो.

गेल्या वर्षी त्या वारल्या. त्याच्या दोनतीन दिवस आधी लेकीचा फोन आला. ती तेव्हा नाशिकलाच होती. म्हणाली, "काका, आईला तुमच्याशी बोलायचंय. तिचा आवाज फार बारीक झालाय. मी फोन तिच्या कानाशी धरते, तुम्ही बोला."

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. वाक्य तयार होतं. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मी म्हणालो, "काय म्हणतंय नाशिक? थंडी पडली का?"

त्या काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही. मग लेकीचा आवाज आला. "आई म्हणते, पडली. आणि विचारते, आणखी काही सांगायचंय का?"

मी म्हणालो, "नाही. काळजी घ्यायला सांग."