काथोडदादांचा एकच प्रश्न

हरवलेला देव शोधत आलेल्या माणसाला कुणीही दोन गोष्टी विचारेल. कोणता देव, आणि कधी हरवला. काथोडदादांनी मला यातलं काहीच विचारलं नाही. ठाकुर्लीला, नव्वद फुटी रस्त्याच्या आतल्या बाजूला, दोन टॉवरांच्या मध्ये त्यांच्या मालकीच्या तुकड्यावर एक पिंपळ होता आणि पिंपळाला लागून पत्र्याची शेड होती. शेडच्या दारात पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट घातलेला सत्तरीचा एक माणूस चिंचेच्या कोळाने कुणाचा तरी बाळकृष्ण घासत बसलेला. मी म्हणालो, "आमचा देव चुकून इथे आलाय." मान वर न करता त्यांनी विचारलं, "कशान गुंडाललेला?"

मी काय केलेलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच माझ्याबद्दल चांगलं मत व्हायला नको. आमची डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही शीळफाट्याजवळच्या एका टॉवरात सतराव्या मजल्यावर राहायला गेलो. तिथे इंटिरियरवाल्या बाईंनी टीव्हीच्या बाजूला देवासाठी दीड फुटाचा कोनाडा काढून दिला, मागे एलईडी. आईच्या देव्हाऱ्यात सत्तावीस देव होते. कोनाड्यात सहा बसले. आई तेव्हा महिनाभर माझ्या बहिणीकडे टिटवाळ्याला होती. एका दुपारी मी आणि बायकोने बसून, कंपनीत करतात तशी, कपात केली. उरलेले एकवीस मी गुंडाळले आणि ऑफिसला जाताना पिंपळाखाली ठेवून आलो. आमच्याकडे देव कुणी टाकत नाही. सगळे ठेवून येतात.

त्या एकविसांत एक काळी पडलेली चपटी चकती होती. मला वाटलं, कुठल्या तरी डब्याचं झाकण असेल. तो आमच्या कुलदैवताचा, खंडोबाचा टाक होता. चांदीचा पत्रा, त्यावर ठसा. आईच्या सासूने तो तिच्या हातात दिलेला आणि तेव्हापासून रोज सकाळी त्याला हळद वाहिल्याशिवाय आई तोंडात काही घालत नसे. टिटवाळ्याहून परत आली, आंघोळ करून कोनाड्यासमोर बसली आणि म्हणाली, "खंडोबा कुठंय रे?" मी म्हटलं, असेल कुठल्या तरी खोक्यात. चार दिवस ती रोज विचारत राहिली. पाचव्या दिवशी विचारायचं बंद केलं. पूजा होईना, म्हणून जेवणही होईना. ब्याऐंशी वर्षांची बाई दूध आणि केळ्यावर आली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "तू जेवून घे."

तर, कशात गुंडाळलेला. मला काय सुचलं देव जाणे, मी म्हणालो, "रेशमी वस्त्रात. आईचं सोवळं होतं." दादांनी बाळकृष्ण पाण्यात बुचकळला. "रेशमातला कोनी नाय आला," ते म्हणाले. "या वर्सान तरी नाय. आठवून ये. मी हितंच हाय."

मी घरी आलो. आईने केळं अर्धं खाऊन अर्धं झाकून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी परत शेडच्या दारात उभा होतो. "पायजम्यात," मी म्हणालो. "माझ्या जुन्या. नाडी तुटलेल्या." दादांनी पहिल्यांदा मान वर केली, मला नीट बघून घेतलं आणि बाजूचं स्टूल पायाने पुढे सरकवलं. "बस. चा घे," ते म्हणाले.

चहा झाल्यावर त्यांनी मला आत नेलं. तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर देव, आणि प्रत्येक देव तो ज्यात गुंडाळून आला त्याची घडी करून तिच्यावर बसवलेला. कुणी बारदानावर, कुणी शाळेच्या स्कर्टवर, कुणी गादीच्या खोळीवर. आमचे एकवीस माझ्या पायजम्यावर बसलेले. पायजमा धुतलेला होता. नाडी नवीन घातलेली होती. ती नाडी बघून मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

"देव सगल्यांचे सारखेच," दादा म्हणाले. "गनपती हाय, लक्षुमी हाय, कोनी पन येऊन बोलल माझा म्हनून. कशान गुंडाललेला ते ठेवनारालाच ठावं."

"लोक खरं सांगतात?"

"नाय. पयल्यांदा सगली रेशीमच सांगतान."

घरी आल्यावर आईने टाक हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला. "चिंचेनं घासलाय," ती म्हणाली. "तुझ्या बायकोच्या पावडरीनं नाही. कुणी घासला?" मग मला सगळं सांगावं लागलं, पायजम्यासकट. तिने ऐकून घेतलं, पूजा केली, दोन पोळ्या खाल्ल्या आणि हात पुसत म्हणाली, "दर रविवारी जायचं आणि त्या माणसाला मदत करायची." मी बावन्न वर्षांचा, एका कारखान्यात क्वालिटीचा मॅनेजर. मी म्हटलं बरं. चार वर्षं गेलो.

काथोडदादांच्या वडिलांचं आयुष्य मिठागरात गेलेलं आणि लहानपणी तेही तिथे राबलेले. शेडच्या मागे त्यांनी मिठागरासारखेच मातीचे तीन उथळ वाफे बांधलेले. मातीच्या मूर्ती पहिल्या वाफ्यात, कागद दुसऱ्यात, प्लास्टरच्या तिसऱ्यात. "मातीचा देव शाना. दोन दिवसान मोकला होतो," ते म्हणायचे. "यो प्लास्टरवाला भारोत्रीसारखा. जागाच सोरत नाय." तिसऱ्या वाफ्यात सहा-सहा महिने गणपती गळ्याइतक्या पाण्यात उभे असायचे. पहिल्या वाफ्यातला गाळ वांग्यांना जायचा. ती वांगी मी घरी न्यायचो. आई त्यांना प्रसाद म्हणायची आणि बायको सुरी लावायला तयार नसायची, त्यामुळे भरली वांगी मीच करायला शिकलो.

पिंपळाखाली काय काय यायचं ते सांगितलं तर खोटं वाटेल. लग्नपत्रिका कचऱ्यात टाकायची तर तिच्यावर गणपती असतो, म्हणून लोक गणपती तेवढा कात्रीने कापून घेतात आणि बाकीची पत्रिका निर्धास्त फेकतात. असे कापलेले गणपती पिशव्या भरभरून यायचे. गाडीच्या डॅशबोर्डवरचे देव पायाला गोंद चिकटलेले यायचे. फेंगशुईचा बेडूक आला, वास्तूचे पिरॅमिड आले, देवीचं चित्र छापलेला तांदळाचा रिकामा कट्टा आला. एकदा अरबी अक्षरांची काचेची फ्रेम आली. दादांनी ती पांढऱ्या फडक्यात बांधली, आंघोळ केली, इस्त्रीची पँट घातली आणि कल्याणला मशिदीत नेऊन दिली. "माझ्या खात्यान नाय येत," एवढंच म्हणाले. तिथे चहा चांगला मिळाला हेही म्हणाले.

आणि आजोबा यायचे. चंदनाचा हार घातलेले, टोपीवाले, चष्मेवाले, फ्रेममधले आजोबा. घर बदललं, रंग बदलला, आजोबा भिंतीला जाईनात, फेकवतही नाहीत, मग देवांबरोबर पिंपळाखाली. दादांनी त्यांच्यासाठी वेगळी फळी केलेली. एकूण अकरा आजोबा आणि एक आजी. दर रविवारी मी त्यांच्या काचा पुसायचो. "यांची परत चौकशी होते का?" मी एकदा विचारलं. "देवाची होते," ते म्हणाले. "परीक्षा आली, लगीन ठरलं की देव आथवतो. आज्याची कनाला होल?"

दादा स्वतः देवभक्त होते का, हे मला चार वर्षांत कळलं नाही. ते कधी हात जोडताना दिसले नाहीत. बोंबील खाऊन, हात साबणाने धुऊन देव घासायला बसायचे. मी इंजिनियर माणूस, मला उत्तर लागतं. मी विचारलं, "दादा, तुम्ही मानता का हे सगळं?" त्यांनी हातातला देव उलटा करून तळ घासला. मग म्हणाले, "घरातून काढलेला कोनी आपल्या दारान येऊन बसला तर पानी इचारतो का नाय? का आदी इचारतो, तुला मानू का नको?"

हे सगळं त्यांनी का सुरू केलं ते मात्र एकदाच सांगितलं. उन्हाळ्यात, वाफे कोरडे पडलेले तेव्हा. समोरच्या टॉवरच्या बी विंगकडे बोट करून म्हणाले, "आमची गावदेवी त्याच्या खाली हाय." बी विंगच्या जागी त्यांचं शेत होतं आणि शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला एक दगड. जमीन विकली तेव्हा बिल्डर म्हणालेला, देवीला आपण मोठं देऊळ बांधू. पाया खणायला मशीन आलं त्या दिवशी दादा गाडी बघायला ठाण्याला गेलेले. परत आले तेव्हा खड्डा होता. "मना कोनी इचारलाच नाय," ते म्हणाले. "नायतर सांगितला असता तिला कशान गुंडाललेली. स्टॅम्प पेपरान. सही माझीच हाय." मग उठून त्यांनी नळाला पाइप लावला आणि पहिला वाफा भरायला घेतला. 

गेल्या थंडीत त्यांना ताप आला, कल्याणच्या हॉस्पिटलात आठ दिवस होते, आणि गेले. मी शेवटचा भेटलो तेव्हा म्हणाले, "शेवटच्या पिशवीतली देवी चिंच लावून ठेवलीय. सुकल. जा तू." मी गेलो. सुकलेलीच होती. ती घासून फळीवर ठेवली आणि तिथेच स्टुलावर बसून रडलो.

दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा रूपेश याचा फोन आला. "काका, प्लॉट डेव्हलपमेंटला दिलाय. तुमचं ते सामान घेऊन जा." टेम्पो करून मी एकशे बारा देव, अकरा आजोबा आणि एक आजी शीळफाट्याला आणले आणि ड्राय बाल्कनीत फळ्या मारून बसवले, ज्याच्या त्याच्या कापडाच्या घडीसकट. बायको वॉशिंग मशीनला टेकून बघत होती. "एकवीस जास्त झाले म्हणून ठेवून आलास ना?" एवढंच ती म्हणाली. शेड पाडली, वाफे बुजवले. पिंपळ मात्र कुणी तोडेना. बिल्डरने त्याला संगमरवरी कठडा बांधला आणि पाटी लावली: येथे देव ठेवू नयेत. तेव्हापासून लोक पाटीखाली ठेवतात, कारण जागा कुठली ते आता लिहिलेलंच आहे. रविवारी सकाळी मी जातो आणि घेऊन येतो.

मागच्या महिन्यात पाटीखाली एक चौकोनी, चपटी वस्तू होती. फ्लेक्सच्या बॅनरमध्ये गुंडाळलेली, वर सुतळी. बॅनरवर रूपेश होता. गॉगल, गळ्यात सोन्याची साखळी, हात जोडलेले, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. मी सुतळी सोडली. आत काथोडदादा होते. तेराव्याला करून घेतलेला फोटो, हार अजून नवा. त्यांच्याकडेही इंटिरियरवाल्या बाई आल्या असणार.

घरी आणून मी काच पुसली. आजोबांच्या फळीवर जागा केली, बॅनरची घडी घालून त्यावर दादांना बसवलं. आईने भिंत धरत धरत येऊन बघितलं. "बरं झालं, आपल्याकडे आले," म्हणाली.

नऊ दिवसांनी दाराची बेल वाजली. रूपेश होता, गॉगल न घातलेला. आत यायला तयार नव्हता. "काका, पाटीखालचं तुम्हीच नेता ना? बाबांचा फोटो चुकून तिथे गेलाय. पेंटरने सामानात टाकला. आयस भाचीच्या लग्नाहून आली नि भिंतीकडे बघत बसलीय. दोन दिवस जेवली नाय." त्याचा चेहरा मी ओळखला. शेडच्या दारात उभा राहिलेलो तेव्हा माझा असाच असणार. मी फोटो आणायला वळलो.

आतून आईचा आवाज आला. "आधी विचार त्याला."

मी थांबलो. "कशात गुंडाळलेला?" मी विचारलं.

रूपेश माझ्या चपलांच्या रॅककडे बघत राहिला. "शालीत," तो म्हणाला. "काश्मिरी होती."

"शालीतलं कुणी आलं नाही," मी म्हणालो. "आठवून ये. मी इथेच आहे."

तो गेला. मला रात्रभर वाटत होतं की आपण जरा जास्तच केलं, त्याची आई तिकडे उपाशी आहे, कोण लागून गेलो आपण. सकाळी सहाला बेल वाजली. रूपेश एकटाच होता. दाढी केलेली नव्हती. या वेळी तो रॅककडे बघत नव्हता.

"बॅनरान," तो म्हणाला. "माझ्याच."

मी दार पूर्ण उघडलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बस," मी म्हणालो. "चहा घे."